माशीला लागणारं मेण

आमच्या घरात माश्या दोन तऱ्हेच्या होत्या. एक गुळावर बसायची ती, आणि दुसरी बाबांच्या तंबाखूच्या जुन्या डबीत राहायची ती. दुसरीचे पंख कोंबड्याच्या मानेवरच्या पिसांचे, अंग कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, धाग्याचं, आणि मागून बाहेर आलेलं लोखंडी गरीचं टोक. गरी म्हणजे मासे धरायचा गळ. ही माशी पाण्यावर अशी अलगद टाकायची की मासोळीला वाटावं, वरून किडाच पडला. ती झेप घेते आणि फसते. गरीला गांडूळ लावून बसणारी माणसं आमच्या झाडीपट्टीत बोडीबोडीवर भेटतील. बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांमधलं लहान तळं. पण गरीचीच माशी करणारा माणूस अख्ख्या वडशात एकच होता, आणि तो माझा बाप होता.

ही विद्या त्यांना रेल्वेत मिळाली. बाबा छोट्या गाडीच्या लाइनीवर पॉइंटमन होते. तिथे एक अँग्लो-इंडियन गार्डसाहेब होते, त्यांना मासोळीचा भारी नाद. ते त्या वस्तूला फ्लाय म्हणायचे. बाबांनी सरळ तिची माशी केली आणि आयुष्यभर तेच म्हणत राहिले. साहेब रिटायर होऊन दूर कुठेतरी निघून गेले तेव्हा आपली नळी बाबांच्या हातावर ठेवून गेले.

आता ही नळी काय ते आधी सांगते, नाही तर पुढचं कळायचं नाही. बोटाएवढी पितळेची बारीक नळी, खाली दोन तारांचे हात, आणि त्या दोन हातांच्या मधोमध धाग्याचं रीळ धरलेलं. धागा रिळावरून सुटतो, नळीतून जातो आणि वरच्या तोंडातून बाहेर येतो. गरी एका छोट्या शिकंज्यात पक्की आवळायची आणि नळी हातात धरून तिच्याभोवती धागा फिरवायचा. हात सोडला तरी नळी आपल्या वजनानं लोंबकळत राहते आणि धागा ताणलेला राहतो. म्हणून मधे कुठेच गाठ नाही, गाठ एकदम शेवटी. मला लहानपणी ही फार मोठी जादू वाटायची, की गाठ न मारता वस्तू बांधून ठेवता येते. खरं सांगू? अजूनही वाटते.

मी सांगते तो हिवाळा ऐंशीनंतरचा. साल आता डोक्यात राहिलं नाही, पण माझा धाकटा नुकताच शाळेत जायला लागला होता. आई जाऊन बराच काळ झाला होता आणि बाबा आमच्याकडेच राहायचे. आमचे हे राईस मिलमध्ये होते. मी घरी मशीन चालवायची, गल्लीतल्या बायांचे ब्लाउज शिवायची.

बाबांना डोळा एकच. उजवा नोकरीतच गेला, इंजिनातून उडालेला जळता कोळसा आत शिरला होता. उरलेल्या डाव्यात मोतीबिंदू उतरला, तोही त्यांनी कोणाला सांगितला नाही. मला कळलं ते एका शब्दावरून. वडशात हिवाळा म्हणजे नाटकांचे दिवस, गावोगावी कंपन्या निघतात. बाबा नाटकाचे वेडे. दर वर्षी म्हणायचे, "नाटक पाहाले जातो." त्या वर्षी टोपी घालून उंबरठ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "चाल, नाटक आयकून येतो." माझं शिवण तिथंच थांबलं.

मग मी त्यांना धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली. म्हणाले, मोतीबिंदू पार पिकला आहे. यंदा शाळेत शिबिर आहे, त्यात काढून घ्या. थांबलात तर आतल्या आत फुटेल, मग आमच्या हातात काही राहणार नाही.

बाबा माझा हात धरून चालत आले. घरी येऊन खाटेवर बसले.

"नाई जाणार मी."

"काऊन, बाबा?"

"एकच आहे. तोबी सुईखाली देऊ? आता निदान उजेड दिसते. तू कुठी उभी आहेस थे समजते. बिघडला तं?"

"आन् नाई काढला तं?"

"तं मंग माहा मी घालवीन. दुसऱ्यानं घालवलेला नाई."

आता या बोलण्याला काय म्हणावं! यांनी समजावलं, शेजारच्या वहिनींनी समजावलं, मी तर रडूनही पाहिलं. शेवटी एक दिवस मी भाकरी थापत होते, तेव्हा आपणच बोलले.

"एक गोष्ट झाली तं देतो डोळा."

"कोणती?"

"पाण्यावर माशी टाकली, अन् मासोळी उसळून आली, असं एक डाव पाहाचं आहे मले. मंग गेला तं गेला. शेवटचं काहीतरी चांगलं पाहून गेला असं म्हणीन."

मी डबी उघडली. आत गऱ्या शिल्लक होत्या, माश्या नव्हत्या. पिसं कसरीनं खाऊन टाकली होती, नुसता भुगा आणि टक्कल पडलेले धागे. बाबांना तर सुतळीही दिसत नव्हती, कोशाचा धागा कुठून दिसणार. म्हणजे माशी कोणी बांधायची हा प्रश्नच राहिला नाही. शिबिराला थोडेच दिवस होते.

गल्लीतल्या एका घरून कोंबड्याची पिसं मागून आणली, शिकंजा मशीनच्या पाटाला आवळला आणि बसले. बाबा मागे खाटेवर. शिवणकामात माझा हात कोणी धरत नव्हतं, त्यामुळे मला वाटलं, एवढ्याशा गरीवर धागा गुंडाळणं ते काय!

"पहिले धाग्याले मेण लाव," बाबा म्हणाले. "मेणाबिगर धागा गरीवर घसरते. लोखंड गुळगुळीत, कोसाबी गुळगुळीत. दोघं गुळगुळीत भेटले का संसार होत नाई."

बाबांच्या मेणाचा गोळा मला माहीत होता, पण तो आईनं कधीच पायांच्या भेगांना लावून संपवला होता. तरी मला अडचण वाटली नाही. आमच्या घरात मेण भरपूर. आम्ही बौद्ध माणसं. पौर्णिमेला, सणावाराला, घरात काही चांगलं झालं की वंदना होते आणि मेणबत्त्या लागतात. त्यांची उरलेली बुडखं मी टाकत नसे, एका डब्यात जमा करून ठेवी. त्यातलं एक घेतलं, त्यावरून धागा सर्र ओढला. छान पांढरा झाला. नळीत ओवला आणि कामाला लागले.

वहिनी ब्लाउजचं माप द्यायला आल्या त्या तिथंच टेकल्या.

"काय करून राह्यली वं?"

"माशी बांधून राह्यली."

"पळून जाते का काय, बांधून ठेवाले?" आणि स्वतःच हसत सुटल्या. "आमच्या घरी ढीगभर आहेत. पाठवू का? दावं तेवढं तुह्या घरचं."

मी बांधत गेले. धागा आधी नीट सुटत होता, मग अडायला लागला. ओढला की गचका, गचका दिला की तुटला. पुन्हा ओवावा, पुन्हा तुटावा. नळीच्या तोंडाशी पांढरा चुरा जमायला लागला. कशीबशी एक माशी झाली. दिसायला बरी होती हो, पिसं उभी, अंग टुमदार. मी कौतुकानं बाबांच्या तळहातावर ठेवली.

बाबांनी ती चिमटीत धरली आणि दोन बोटांत नुसती फिरवली. गरी होती तिथंच राहिली आणि माशीचं सगळं अंग गरीभोवती गोल गोल फिरलं, चरख्याच्या चातीसारखं.

"फिरते," बाबा म्हणाले. एवढंच.

दुसरी बांधली, जास्त मेण लावून. तीही फिरली. तिसरीच्या वेळी नळीतून धागाच येईना. तोंडाशी बसलेलं मेण काढायला मी टोचायची सुई उचलली, तशी ती डब्याला लागून टण् वाजली.

"काय घेतलं हातात?" बाबा ओरडले. "सुई? नळीत सुई घालू नको! तोंडाले जरासा खरडा पडला का थे नळी कैची होते. जिंदगीभर धागा कापत राहीन."

माझा हात जागच्या जागी थिजला. दिसत नव्हतं त्यांना, पण कान केवढे! मग म्हणाले, "आण इकडे." नळी त्यांनी हातात घेतली, धागा हळू ओढला आणि कानाशी धरला. "आयक. साफ नळीचा आवाज सुर्र येते. ही करकर करून राह्यली. गळ्यात कफ झाला हिच्या." मग नळी नाकाशी नेली. हुंगली. पुन्हा हुंगली.

"काऊन वं, हे कोणतं मेण?"

"घरचंच, बाबा. वंदनेच्या मेणबत्तीचं."

बाबांनी नळी मांडीवर ठेवली. मग त्यांना जे हसू फुटलं! खाट हलायला लागली. डोळ्याला पाणी आलं, ते पुसायला हातरुमाल सापडेना.

"अवं माय! पंचशीलाच्या मेणबत्तीनं मासोळी धरतं का? पहिलंच शील, जीवहत्या करणार नाई! मेणबत्तीले बी समजते, म्हणून धागा सोडून देते थे!"

वहिनी पुन्हा आल्या होत्या, त्या भिंतीला टेकून हसत होत्या. मीही हसले. पण हसता हसता मला एक गोष्ट समजली, की मी आजवर दोन वेगळ्या वस्तूंना एकाच नावानं हाक मारत होते. मेणबत्तीचं मेण कारखान्यातलं. ते घसरतं, त्याचा चुरा पडतो. बाबा म्हणत होते ते मेण मधमाशीचं, ते धरून ठेवतं. दोन्ही मेणच. माझी चूक मेणाची नव्हती, शब्दाची होती.

"मोहोळाचं पाह्यजे," बाबा म्हणाले. "आग्या मोहोळाचं. माशीले माशीचंच मेण लागते, बाई."

आठवडी बाजारात जंगलाकडच्या गावांतल्या गोंड बाया बसायच्या. डिंक, हिरडे, आवळे, कधी मधाची बाटली. मी एकेकीला विचारत फिरले. मध होता, मेण कोणाकडेच नाही. शेवटी एका कोपऱ्यात एक माझ्याच वयाची बाई भेटली. कपाळावर गोंदण, मांडीवर पोर.

"मेण? भेगांले लावाचं?"

"नाई, माशी बनवाची आहे."

तिला ऐकू आलं ते खोटं वाटलं असावं. "मध म्हंतं का?"

"नाई बाई, मेणच. मेणाची माशी करून पाण्यात टाकाची, मंग मासोळी येते."

तिनं शेजारणीला गोंडीत काहीतरी सांगितलं. शेजारणीनं पुढच्या बाईला. तिथून ओळीत बसलेल्या सगळ्या बाया माझ्याकडे पाहून हसायला लागल्या. मीही त्यांच्यात हसले, दुसरं काय करणार. मग तिनं आपल्या पदराच्या ओट्यातून पळसाच्या पानात गुंडाळलेला गोळा काढला. बहुतेक स्वतःच्या भेगांसाठीच ठेवला होता. अर्धा तोडून मला दिला आणि म्हणाली, "मासोळी आली तं सांगजो."

तो गोळा मी घरी येईपर्यंत दहा वेळा उघडून पाहिला असेल. गडद पिवळा, जवळजवळ मोहफुलाच्या गुळासारखा. त्याच्यावर कोणाच्या तरी बोटांचे ठसे उमटलेले. वास धुराचा, मधाचा, आणि आणखी कशाचा तरी, ज्याला माझ्याजवळ शब्द नाही. उन्हात धरला तर आतून उजेड जायचा. एवढ्या उंच झाडावर किंवा कड्यावर, हजारो माश्यांनी आपल्या अंगातून पाझरवून हे केलं होतं. आम्ही साधं रॉकेल आणायचं तर रांगेत उभं राहतो. त्यांनी सगळं पोटातून काढलं होतं, घरही आणि घराच्या भिंतीही.

आणि त्या गोळ्यात एक पंख होता.

खऱ्या मधमाशीचा. अर्धा मेणात रुतलेला, अर्धा बाहेर. नखापेक्षाही लहान, पारदर्शक, आणि त्यावर रेषा. रेषा म्हणजे काय सांगू, पावसाळ्यानंतर कोरड्या पडलेल्या बोडीच्या तळाला भेगा पडतात ना, तशा, पण केसाहून बारीक. मी इतकी वर्षं कापड पाहत आले, तलम कापडही पाहिलं, पण असं विणलेलं काही माझ्या पाहण्यात नव्हतं.

"बाबा, पाहा न! पंख आहे याच्यात!"

बाबांनी हात पुढे केला. मी गोळ्यातून पंखाचा बाहेरचा भाग त्यांच्या अंगठ्याला टेकवला.

"कुठी?"

"अंगठ्यावर आहे न."

त्यांनी अंगठा किंचित हलवला. थोडा वेळ वाट पाहिली.

"काईच लागत नाई, बाई," म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की मी गोळा पटकन मागे घेतला आणि मेणाचं बोलायला लागले.

मग आधी नळी. बाबांनी सांगितलं तसं चुलीवर पाणी उकळलं, नळी तारांसकट त्यात सोडली. पाण्यावर मेणबत्तीचा पांढरा तवंग आला. झाडूची एक बारीक हीर काढून, तिचं टोक मऊ चावून, ती आतून फिरवली. मग कोरडा सुती दोरा आरपार ओढला, एकदा, पुन्हा, तो स्वच्छ बाहेर येईपर्यंत. मी म्हटलं, मातीच्या तेलानं, म्हणजे रॉकेलनं, लवकर निघेल. तर बाबा म्हणाले, "मासोळीले नाक आहे. तुह्या मातीच्या तेलाची माशी ती खाईन का?" कात्रीची पातीही तशीच गरम फडक्यानं पुसली. बोटं राखेनं धुतली, कारण हाताला मेण राहिलं तर पिसं चिकटतात आणि माशी नाही, मेलेलं कोंबडीचं पिल्लू होतं.

हिवाळ्यात मोहोळाचं मेण दगड होतं. म्हणून मी चिमूटभर तोडून पदराखाली काखेत धरून बसले, मग तळहातात चोळलं. ऊब लागली की ते मऊ होतं. धागा त्यावरून एकदाच ओढायचा, आणि मग दोन बोटांतून. जास्तीचं मेण बोटांनी काढून घ्यायचं. "धाग्याले मेण दिसलं नाई पाह्यजे," बाबा म्हणाले, "हाताले समजलं पाह्यजे." मग नळीत ओवला.

सुर्र.

"हां!" मागून बाबा म्हणाले.

पहिला वेढा गरीवर घेतला आणि मला हाताला कळलं. कसं सांगू, धागा बसला. नुसता टेकला नाही, बसला. मी नळी सोडून दिली, ती लोंबकळत राहिली आणि धागा जागचा हलला नाही. गाठ नाही, काही नाही. एवढ्याशा चिकटपणावर सगळं उभं. कोंबड्याच्या मानेचं तांबूस पीस टोकाला बांधून गोल फिरवलं, तशी त्याचा एक एक केस उभा राहिला, पाय फुटल्यासारखा. शेवटची गाठ मारली. फुंकर घातली. माशीचे सगळे पाय एकदम हलले. मी दचकून हात मागे घेतला. माझ्याच हातानं बांधलेली वस्तू, आणि मीच तिला भ्याले!

बाबांनी चिमटीत धरून फिरवली. गरी आणि माशी दोन्ही एकत्र फिरल्या. त्यांनी जोर लावला. अंग हललं नाही. बाबांनी ती परत माझ्या हातात ठेवली, माझी मूठ मिटवली आणि मुठीवर आपला हात ठेवून बराच वेळ बसले.

मग दोरी. बाबांची वळलेल्या कोशाची दोरी बांबूच्या काठीला लावलेली होती. तिलाही हेच मेण पूर्ण लांबीभर चोळलं, म्हणजे ती पाण्यावर तरंगते, बुडत नाही. दोरीच्या टोकाला हातभर तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, आणि तंगुसाला माशी.

वहिनींच्या भावाच्या शेतात बोडी होती, त्यांनीच जायला सांगितलं. म्हणाल्या, "जा, पण आमच्या मरळीले हसवू नको." मरळ हिवाळ्यात दुपारी वर येते, ऊन खायला. म्हणून आम्ही दुपारीच निघालो. धान कापून झालेलं, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बाबांना हाताला धरून नेलं. बोडीच्या पाळीवर त्यांनी माझा हात सोडला, चपला काढल्या, आणि पायानं जमीन चाचपून उभे राहिले. काठी हातात घेतली आणि काय बदलला माणूस! इतका वेळ अडखळत चालणारा म्हातारा, त्याचा खांदा, कोपर, मनगट एकामागून एक असे उघडले, आणि दोरी हवेत मागे गेली, सरळ झाली, पुढे आली, आणि माशी पाण्यावर टेकली. टेकली म्हणजे आवाजही नाही.

"कुठी पडली?"

"कमळाच्या पानाच्या अलीकडे. दोन हात डाव्याले टाका."

दोरी पाण्यावर पडली होती, आणि तिच्यावर पाण्याचे थेंब गोल मण्यांसारखे उभे होते. एकही आत शिरत नव्हता. मी ते पाहत बसले. त्या माश्यांनी कुठल्या तरी कड्यावर पोटातून काढलेली ती वस्तू, इथे बोडीच्या पाण्याला म्हणत होती, इथपर्यंतच.

बराच वेळ काही झालं नाही. बाबा टाकत होते, ओढत होते. मी सांगत होते, उजव्याले, जरा लांब, आता नीट. माशी भिजली की मी फुंकून वाळवायची. एक बगळा समोरच्या पाळीवर उभा होता, तो आम्हाला पाहून कंटाळला आणि उडून गेला.

"आणखी पानाजवळ," मी म्हटलं.

बाबांनी टाकली. माशी पानाच्या कडेला बसली. बाबांनी काठीचं टोक इतकंसं हलवलं आणि माशी थरथरली, जशी बुडणारी थरथरते.

आणि पाणी फाटलं.

ढब्ब! असा आवाज, कोणी वरून विटेचा तुकडा टाकावा तसा. एक काळं रुंद डोकं, उघडं तोंड, पांढरा जबडा, आणि कढई उलटी झाल्यासारखं पाणी उसळलं. थेंब माझ्या तोंडावर आले. मी ओरडले की नाही मला माहीत नाही. मी आयुष्यात कितीतरी मासोळ्या निवडल्या, चिरल्या, शिजवल्या. पण जिवंत मासोळी काय असते हे त्या एका क्षणात पहिल्यांदा पाहिलं. तिनं माझी माशी खरी मानली होती. पाण्याच्या पोटातून एवढ्या ताकदीनं ती एका पिसाच्या तुकड्याकडे आली होती, कारण मी ते पीस धाग्यानं बांधलं होतं. मला हात जोडावेसे वाटले, कोणाला ते कळेना.

बाबा काठी वाकवून मागे सरकत होते. दोरी ताणली, थरारली, धागा टिकला. शेवटी मरळ काठावर चिखलात आली आणि मी पदर टाकून तिला धरली.

"पाहिली न बाबा? पाहिली न? केवढी उसळली!"

बाबा उभे होते. काठी अजून हातात. पाण्याकडेच तोंड होतं, पण जिथं लाट विरत होती त्याच्या जरा बाजूला.

"आयकली," बाबा म्हणाले.

मी पदरातली मरळ घट्ट धरली.

"ढब्ब झालं. आयकलं मी. पण दिसली नाई वं. उजेडात जरासं काळं हाललं, बस." मग खाली बसले, पदरातल्या मरळीवरून हात फिरवला, डोक्यापासून शेपटीपर्यंत. "कशी आहे? रंग सांग."

मी सांगितलं. पाठ काळीहिरवी, पोट पांढरं, कुशीवर तिरपे पट्टे, डोळा लालसर. बाबा मान हलवत राहिले. मग त्यांनी बोटांनी चाचपून तिच्या ओठातून गरी काढली आणि माशी अंगठ्यानं फिरवून पाहिली.

"फिरत नाई," म्हणाले.

संध्याकाळी मी मरळीचा रस्सा केला. यांनी दोनदा वाढून घेतला. वहिनी वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माशीनं मासोळी आणली खरी! आता आमच्या घरच्या माश्याबी कामाले लावते." बाबा जेवत होते, नेहमीसारखे हळू, काटे बोटांनी शोधत. मधेच घास थांबवून म्हणाले,

"शाळेतलं शिबिर कोण्या दिवशी आहे म्हणे?"

आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहायला लागलो.

"मले वाटे," बाबा म्हणाले, "माह्यापाशी अजून एक डोळा आहे, तो जाईन तं काय होईन. आज बोडीवर समजलं, तो तं कधीचाच गेला आहे. असलेली वस्तू वाचवाची का गेलेली? गेलेल्याले भ्यावं काहाले." आणि पुन्हा काटे शोधायला लागले.

शिबिरात शाळेच्या वर्गात बाकं काढून खाटा टाकल्या होत्या. भिंतीवर मुलांचे पाढे तसेच. ऑपरेशन झालं, पट्टी बांधली. बाबा न हलता पडून राहिले, डॉक्टरांनी सांगितलं तसे. मीच हलत होते, मीच भीत होते. पट्टी निघाली तेव्हा सगळं धुरकट, आणि मी मनातल्या मनात खचले. पण डॉक्टर म्हणाले, चष्मा येऊ द्या.

चष्मा आला. भिंगं अशी जाड की बाबांचा डोळा लिंबाएवढा मोठा दिसायचा. सकाळची वेळ होती, अंगणात ऊन होतं. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "केस पिकले वं तुहे." मी हसले की रडले, दोन्ही असेल. मग बाबा घरात येऊन मशीनच्या पाटाशी गेले. शिकंजा तिथंच होता. त्यांनी नळी उचलली, उजेडाला धरून आरपार पाहिलं आणि समाधानानं हुंकार दिला. माशी पाहिली. मग पळसाच्या पानातला मेणाचा गोळा उघडला, चष्म्याशी नेला, आणि तिथंच थांबले.

किती वेळ गेला कोण जाणे. मी दाराशी उभी होते.

"बाई," बाबा म्हणाले, आवाज अगदी बारीक झाला होता, "हा पंख काऊन नाई दाखवला मले?"

"दाखवला होता, बाबा. तुमच्या अंगठ्यावर ठेवला होता."

त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पंखाकडे. गोळा उन्हात फिरवला, तशा त्या रेषा चमकल्या.

"अन् आमी कोंबड्याचं पीस बांधून म्हंतो, माशी केली," बाबा म्हणाले. मग अंगणात खाट ओढली, तो गोळा हातात घेऊन उन्हात बसले, आणि जेवायला बोलावेपर्यंत पाहतच राहिले.